पावशेर तूप आणि एक वासरू

इतिहासाच्या तासाला स्वप्नाचे नाव काढू नये, असा आम्हा मास्तरांचा अलिखित नियम आहे. शिलालेख, सनदा, ताम्रपट ही साधने. बखरसुद्धा चालते, जपून वापरली तर. पण स्वप्नाला साक्षीदार कोठून आणायचा? मीही पुष्कळ वर्षे हा नियम पाळला. परंतु वर्गात संतांचा विषय निघाला की तो पाळता येत नाही. कारण सोळाव्या-सतराव्या शतकांत या मुलखात ज्या मोठ्या गोष्टी घडल्या, त्यांतल्या काही झोपेत सुरू झालेल्या आहेत.

नाथांचेच घ्या. ज्ञानेश्वर स्वप्नात आले आणि म्हणाले, अजानवृक्षाची मुळी कंठाला लागली आहे, आळंदीस येऊन ती काढ. ही हकीकत नाथांनी स्वतःच अभंगात सांगितली आहे. पैठणचे नाथ त्याप्रमाणे आळंदीस गेले. येथे भाविक हात जोडतात आणि चिकित्सक हसतात. मी दोघांनाही सोडून पुढे पाहतो. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, नाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. १२९० सालचा ग्रंथ. जवळजवळ तीनशे वर्षे हातोहात नकलला गेल्याने त्यात अशुद्धे शिरली होती. गळ्याला लागलेली मुळी म्हणजे हीच अशुद्धे, असे म्हणण्याचा मोह मला होतो. पण तो माझ्यातल्या कादंबरीकाराचा मोह आहे, वाचकांनी त्यावर विसंबू नये.

तुकोबांना स्वप्ने दोन. एकात नामदेव पांडुरंगाला बरोबर घेऊन आले आणि त्यांनी कवित्वाचे काम लावून दिले. दुसऱ्यात बाबाजी चैतन्यांनी डोक्यावर हात ठेवून ‘राम कृष्ण हरि’ हा मंत्र दिला. तिथी माघ शुद्ध दशमी, वार गुरुवार. एवढ्या धाग्यावरून अभ्यासकांनी जुनी पंचांगे धुंडाळली आणि वर्षाबद्दल वादही घातला. मला मात्र तिथीपेक्षा तुपाची गोष्ट मोलाची वाटते. गुरूंनी भोजनासाठी पावशेर तूप मागितले, आणि तुकोबा म्हणतात, स्वप्नात मला त्याचा विसर पडला. ज्याला लोकांपुढे गुरूची सनद मिरवायची असते, तो आपल्या हातून राहिलेले पावशेर तूप कशाला नोंदवील? खोटी कागदपत्रे फार नीटनेटकी असतात, हे जुनी दप्तरे चाळणाऱ्याला ठाऊक आहे.

पण मला खरे सांगायचे आहे ते बहिणाबाईंचे. खानदेशच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी नव्हेत. तुकोबांच्या शिष्या, शिऊरच्या. वेरुळाजवळच्या देवगावी १६२८ साली जन्म. तिसऱ्या वर्षी लग्न, नवरा तिशीचा, बिजवर. पुढे कर्जापायी आणि भाऊबंदकीपायी सारे घर गाव सोडून निघाले, आणि मजल दरमजल करीत कोल्हापुरास पोचले. तेव्हा ही अकरा-बारा वर्षांची. माझ्या वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या मुलींएवढी.

तेथे जयरामस्वामींची कीर्तने चालत. त्यांत तुकोबांचे अभंग तिच्या कानी पडले. माणूस पाहिलेला नाही, फक्त शब्द. घरी दानात आलेली कपिला गाय होती आणि तिचे वासरू या मुलीचा पदर सोडीत नसे. कीर्तनालाही मागोमाग जाई. लोक बोलू लागले. नवऱ्याचा संताप अनावर झाला, त्याने वेणी धरून तिला मारले. पुढे ते वासरू मेले. मुलगी शुद्ध हरपून पडली, आणि त्या अवस्थेत तुकोबांनी येऊन तिला मंत्र दिला. कार्तिक वद्य पंचमी, रविवार, असे ती स्वतः नोंदवते.

आता त्या काळचा व्यवहार डोळ्यांपुढे आणा. ब्राह्मणाची बायको, आणि तिने गुरू करायचा तो देहूचा शूद्र वाणी! जागेपणी तिला कोणाकोणाची परवानगी लागली असती? नवऱ्याची, बापाची, ब्रह्मवृंदाची. शिवाय कोल्हापूर ते देहू ही वाट. स्वप्नाच्या वाटेवर चौकी नव्हती. ती खोटे बोलली असे मी म्हणत नाही. तिला दुसरे दारच नव्हते, एवढेच म्हणतो. नवरा घर सोडून निघायच्या बेतात होता; तो आजारी पडला, नरमला, आणि अखेर सारे देहूस आले. तुकोबा आरती करीत होते. स्वप्नातले रूप तेच, असे तिने लिहून ठेवले आहे. त्याच देहूत मंबाजींनी तिला छळले. स्वप्नातला अनुग्रह तो कसला अनुग्रह, हा त्यांचा आक्षेप. आम्हा मास्तरांचा आक्षेप थेट त्यांच्याच पंक्तीला बसतो, हे ध्यानात आले तेव्हा मला बरे वाटले नाही.

कारण घरातली एक गोष्ट आहे. मी मॅट्रिक होऊन नुकताच शाळेत लागलो होतो. एका सकाळी आई चुलीपाशी म्हणाली, “अरे, रात्री पांडुरंग आला होता. ये म्हणाला.” मी वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणालो, “रात्री वांग्याची भाजी जास्त झाली असेल.” ती हसली. भाकरी थापत राहिली. त्यानंतर तिने मला कधी स्वप्न सांगितले नाही. ती गेल्यावर तिच्या ट्रंकेत जुन्या लुगड्याच्या घडीत एक पुरचुंडी सापडली. आत मोड होती, सुट्टी नाणी. पत्नी म्हणाली, “पंढरीच्या भाड्याचे. मला सांगितलं होतं त्यांनी.”

मी ते पैसे मोजले. तेव्हाच्या दराने जाण्यापुरते झाले होते. परतीचे जमायचे होते.