चामडी बंदूकपेट्यांची निगा

चामडी बंदूकपेटी म्हणजे बंदूक ठेवण्यासाठी किंवा वाहून नेण्यासाठी कमावलेल्या चामड्यापासून बनवलेले आवरण होय. चामडे मऊ व टिकाऊ राहावे म्हणून अशा पेट्यांना तेल, मेण किंवा चामड्याचे मलम (कंडिशनर) लावले जाते. त्याची निवड चामड्याचा प्रकार, पेटीची रचना आणि तिचे वय यांवर अवलंबून असते.

पेट्यांचे प्रकार

बंदूकपेट्यांचे दोन मुख्य प्रकार आहेत. गवसणीसारखी मऊ पेटी अखंड बंदुकीसाठी वापरतात. कडक पेटीत दुनळी बंदुकीच्या नळ्या व दस्ता वेगळे करून ठेवतात. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकापासून ओकच्या लाकडी सांगाड्यावर चामडे मढवून, आत लोकरी कापडाचे अस्तर लावून अशा पेट्या तयार होत. आकारावरून ‘लेग ऑफ मटन’ म्हणून ओळखली जाणारी पेटी मात्र जाड चामड्याच्या कडकपणावरच उभी असते.

चामड्याचे स्वरूप

जुन्या पेट्यांचे चामडे बहुधा वनस्पतिजन्य टॅनिनने कमावलेले असते. यासाठी युरोपात ओकची साल, तर भारतात बाभूळ व तरवड यांची साल आणि हिरडा वापरला जातो. कमावल्यानंतर चामड्यात स्निग्ध द्रव्ये मुरवतात. त्यामुळे तंतू एकमेकांवर सहज सरकतात. ही द्रव्ये कमी झाल्यास चामडे ताठर होते व घडीवर चिरते.

तेले व मलमे

* नीट्सफूट तेल : गुरांच्या पायांच्या हाडांपासून मिळते. ते खोलवर मुरते, परंतु रंग गडद करते. मऊ गवसणी, पट्टे व मुठींना ते उपयुक्त आहे. कडक पेटी मात्र त्याने सैल पडून आकार गमावू शकते.
* मिंक तेल : चामडे मऊ करते आणि काही प्रमाणात पाणी रोखते. यानेही रंग गडद होतो.
* लॅनोलिन व मधमाश्यांचे मेण : लोकरीतील स्निग्ध द्रव्य आणि मेण यांच्या मिश्रणाचा पातळ थर पृष्ठभागाचे रक्षण करतो. कडक पेट्यांसाठी हा पर्याय तुलनेने सुरक्षित असतो.
* जवसाचे तेल : हवेतील ऑक्सिजनमुळे घट्ट होऊन चामडे कडक करते, म्हणून ते टाळावे लागते.

वापरण्याची पद्धत

प्रथम मऊ ब्रशने धूळ काढतात. न दिसणाऱ्या जागी थोडे मलम लावून रंगातील बदल तपासतात. नंतर कापडाने अगदी पातळ थर देऊन तो मुरू देतात आणि उरलेला पुसून काढतात. अतिरिक्त तेल अस्तरात व बंदुकीवर उतरते, धूळ धरून ठेवते आणि पितळी बकलांभोवती हिरवट मेणचट थर निर्माण करते. वनस्पतिजन्य चामडे आम्लधर्मी असल्याने तीव्र अल्कधर्मी साबण त्याला अपायकारक ठरतो.

साठवण

पेटी नीट राखलेली असली तरी बंदूक तिच्यात दीर्घकाळ ठेवणे योग्य नसते. चामडे व अस्तर ओलावा धरतात. त्यामुळे पोलादी नळ्यांवर गंज चढतो. सापेक्ष आर्द्रता सुमारे ६५ टक्क्यांच्या वर राहिल्यास बुरशीचा धोका वाढतो. त्यामुळे कोकणासारख्या दमट प्रदेशात पावसाळ्यात पेटी हवेशीर जागी ठेवणे आवश्यक असते. उन्हात किंवा शेगडीजवळ वाळवल्यास चामडे आकसते.

जुन्या पेट्यांचे जतन

हवेतील गंधकाच्या संयुगांमुळे वनस्पतिजन्य चामड्याची लालसर भुकटी होऊ लागते. या विकाराला ‘रेड रॉट’ म्हणतात. झालेली झीज भरून येत नाही. पाणी लागल्यास असे चामडे काळे पडून आणखी कडक होते आणि तेलाने त्याची मजबुती परत येत नाही. संवर्धक अशा वेळी अल्कोहोलमध्ये विरघळवलेले हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज लावून भुकटी स्थिर करतात.

लॅनोलिन, मधमाश्यांचे मेण, देवदारवर्गीय तेल व हेक्झेन यांचे ‘ब्रिटिश म्युझियम लेदर ड्रेसिंग’ हे मिश्रण विसाव्या शतकात प्रचलित होते. आता संग्रहालयांत ऐतिहासिक चामड्याला नियमितपणे तेल लावण्याऐवजी स्थिर आर्द्रता, मंद प्रकाश व धुळीपासून संरक्षण यांवर भर दिला जातो. झाकणाच्या आतील निर्मात्याची कागदी चिठ्ठी पेटीचा इतिहास सांगणारा पुरावा असते. तेलाचा डाग पडल्यास ती वाचणे कठीण होते.

हेही पहा

* चर्मोद्योग
* टॅनिन
* लॅनोलिन