टपाल कार्यालय पासपोर्ट सेवा केंद्र, अमरावती व अकोला

टपाल कार्यालयात पासपोर्टचे अर्ज स्वीकारणारी शासकीय केंद्रे. परराष्ट्र मंत्रालय व टपाल विभाग यांच्या या संयुक्त योजनेचा आरंभ २५ जानेवारी २०१७ रोजी म्हैसूर व दाहोद येथे झाला. आता देशभर अशी चारशेहून अधिक केंद्रे आहेत. पासपोर्टसाठी कोणालाही ५० किलोमीटरपेक्षा दूर जावे लागू नये, हे योजनेचे उद्दिष्ट. त्या काळात मंत्रालयात पासपोर्ट व वाणिज्यदूतविषयक कामाचे सचिव असलेले कोल्हापूर जिल्ह्यातील ज्ञानेश्वर मुळे यांचा तिच्या विस्तारात मोठा वाटा होता.

कार्यपद्धती : वऱ्हाडातील जिल्हे नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या कक्षेत येतात. पूर्वी कागदपत्रे दाखवण्यासाठी अमरावतीहून सुमारे १५०, तर अकोल्याहून सुमारे २५० किलोमीटरचा प्रवास करावा लागे. आता ऑनलाइन अर्ज व शुल्क भरून वेळ घेतली की मूळ कागदपत्रांची छाननी, छायाचित्र व बोटांचे ठसे ही कामे गावच्या पोस्टात होतात. मंजुरी मात्र नागपूरहूनच मिळते. पोलीस पडताळणी अमरावती शहरात पोलीस आयुक्तालयामार्फत, अकोल्यात जिल्हा पोलीस अधीक्षकांमार्फत होते. कोरी पुस्तिका नाशिक रोडच्या भारत प्रतिभूती मुद्रणालयात छापली जाते. तयार पासपोर्ट स्पीड पोस्टाने अर्जातील पत्त्यावर येतो. तेथे अर्जदार न सापडल्यास तो पासपोर्ट कार्यालयाकडे परत जातो. २०२४ मध्ये ई-पासपोर्टची प्रायोगिक सुरुवात झाली, त्या कार्यालयांत नागपूरही होते.

परदेशातील नागरिकांसाठी : पासपोर्टधारक देशाबाहेर गेल्यावर त्याच्या पासपोर्टची व मदतीची जबाबदारी भारतीय दूतावास व वाणिज्य दूतावास सांभाळतात. पासपोर्ट हरवल्यास भारतात परतण्यापुरते आपत्कालीन प्रमाणपत्र देणे, परदेशात जन्मलेल्या अपत्याची नोंद करणे, अटकेतील नागरिकाची भेट घेणे ही त्यांची कामे होत. तक्रारींसाठी २०१५ पासून ‘मदद’ ही ऑनलाइन सुविधा आहे. दहावी उत्तीर्ण नसलेल्या कामगाराला आखातासह ठरावीक देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी सामान्यतः उत्प्रवासी संरक्षकाची परवानगी लागते (उत्प्रवास अधिनियम, १९८३). परवानगीशिवाय पाठवणाऱ्या दलालापासून त्याचे रक्षण व्हावे, हा त्यामागील हेतू आहे.

महत्त्व व मर्यादा : हज यात्रेकरू, आखातात जाणारे कारागीर, परदेशी शिकू पाहणारे विद्यार्थी आणि मुलांकडे जाणारे वृद्ध आईवडील यांचा प्रवासखर्च व बुडणारा रोज या केंद्रांमुळे वाचतो. तरीही मेळघाटातील धारणी अमरावतीपासून शंभर किलोमीटरहून दूर आहे. त्या तालुक्यापुरते ५० किलोमीटरचे उद्दिष्ट अपुरेच आहे. टपाल खाते तिथल्या पाड्यापाड्यांत पत्रे पोहोचवते. अर्ज घेण्याची सोयही निदान तालुक्याच्या गावी झाली, तरच ही योजना खऱ्या अर्थाने सर्व नागरिकांची ठरेल.