बोलपटाचा न बोलणारा हिरो

गेल्या शनिवारी नारायणगावला मामांकडे गेलो होतो. पाडव्याच्या आसपासचे दिवस म्हणजे इथला हंगाम. फडमालकांच्या राहुट्या लागलेल्या असतात, गावोगावच्या यात्रा कमिट्या सुपारी द्यायला आलेल्या असतात आणि घासाघीस जोरात चालू असते. चहा पिता पिता मी मामांना सहज विचारलं, "मामा, मास्टर विठ्ठल माहितीय का?"

"विठाबाई म्हण की."

"नाही हो, विठ्ठल. मास्टर विठ्ठल."

"मग तो पंढरपूरला असतो," असं म्हणून मामांनी बशी तोंडाला लावली.

मामांची चूक नाही. नारायणगावात 'विठा' हे नाव एकाच बाईचं. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर २००२ साली गेल्या, आणि आज राज्य सरकारचा तमाशातला जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो. ठीकच आहे ते. पण मी ज्या विठ्ठलबद्दल विचारत होतो, त्याच्या नावाचा पुरस्कार असल्याचं माझ्या ऐकण्यात नाही, आणि गंमत म्हणजे त्याने केलेल्या एका सिनेमाचं नाव शाळेतल्या पोरालाही पाठ असतं.

प्रश्न विचारून बघा. भारतातला पहिला बोलपट कोणता? 'आलम आरा'. साल? १९३१. दिग्दर्शक? आर्देशिर इराणी. बरं, हिरो कोण? ...इथे गाडी थांबते. माझ्या ऑफिसात सात जणांना विचारलं. तिघांनी पृथ्वीराज कपूर सांगितलं (ते त्यात होते, पण हिरो नव्हते), बाकीच्यांनी सरळ गुगल उघडलं.

तर हिरो होता मास्टर विठ्ठल. मराठी माणूस, जन्म १९०६ चा. लहानपणी नाटकात काम केलं, मग कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शिरला. पण नट म्हणून नाही! सुरुवात केली संकलनाच्या टेबलावर, फिल्मच्या पट्ट्या कापण्या-जोडण्याच्या कामाने. पडद्यावर पहिल्यांदा दिसला तो १९२४ च्या 'कल्याण खजिना'त, आणि तेही नर्तकीच्या वेषात. तेव्हा सिनेमात काम करायला बायका सहज मिळत नसत. तमाशात लुगडं नेसून नाचणारा पोऱ्या आपल्या भागाला नवा नाही, त्यामुळे मला यात काही विचित्र वाटलं नाही.

पुढे तो मुंबईला शारदा फिल्म कंपनीत गेला आणि तिथे त्याचं नशीब फळफळलं. ही कंपनी १९२५ ची, भोगीलाल दवे आणि नानूभाई देसाई यांची. १९२६ च्या 'रतन मंजरी'त तो नायक झाला आणि मग स्टंटपटांची रांगच लागली. तलवारबाजी, घोडदौड, तटावरून उड्या. हॉलिवूडचा डग्लस फेअरबँक्स तेव्हा जगभर गाजत होता, म्हणून लोक याला 'भारताचा डग्लस फेअरबँक्स' म्हणायला लागले. सोबत बऱ्याचदा नायिका झेबुन्निसा. शहाण्यासुरत्यांनी नाकं मुरडावीत असे हे सिनेमे. आजच्या भाषेत बी ग्रेड. पण पब्लिक मरायचं त्याच्यावर. मूकपट असल्यामुळे प्रेक्षक मराठी की गुजराती की पठाण, याने काहीच अडत नव्हतं. उडी सगळ्यांना कळते.

आणि मग आला आवाज.

इराणींच्या इंपीरियल कंपनीने बोलपट करायचं ठरवलं. नायिका म्हणून सुलोचना म्हणजे रूबी मायर्स मोठी स्टार होती, पण तिची हिंदुस्तानी धड नव्हती म्हणून झुबेदाला घेतलं. नायकाच्या भूमिकेसाठी मेहबूब खान (होय, पुढे 'मदर इंडिया' काढणारे तेच) इच्छुक होते, पण गर्दी खेचणारं नाव हवं म्हणून विठ्ठलला पसंती मिळाली. तो शारदा सोडून इराणींच्याच भागीदारीतल्या सागर कंपनीकडे आला होता. शारदाने करारभंगाचा खटला भरला. विठ्ठलच्या बाजूने उभा राहिला कोण, तर बॅरिस्टर महंमद अली जीना! आणि खटला जिंकलाही.

एवढं रामायण करून आणलेला हिरो कॅमेऱ्यासमोर उभा राहिला, आणि तेव्हा लक्षात आलं की याची भाषा चालणारी नाही. गोष्ट पारशी रंगभूमीवरच्या नाटकाची, संवाद उर्दू वळणाचे, आणि बोलणारा मराठी गडी. मग काय उपाय काढला असेल? राजपुत्राला बराचसा वेळ गुंगीत दाखवलं! म्हणजे झुबेदाच्या बाबतीत भाषा येते म्हणून काम मिळालं, आणि विठ्ठलच्या बाबतीत भाषा येत नाही म्हणून कामच झोपवलं.

आम्ही सॉफ्टवेअरवाले याला 'वर्कअराउंड' म्हणतो. मुळातली अडचण सुटत नाही, फक्त ती दिसू नये अशी सोय करायची. त्या सिनेमात असले जुगाड आणखीही होते. स्टुडिओशेजारून रेल्वे जायची, म्हणून गाड्या थांबल्यावर मध्यरात्रीनंतर शूटिंग. आवाज चित्राबरोबर त्याच फिल्मवर उमटायचा, म्हणजे मागाहून डबिंग करून काही निस्तरायची सोय नाही. माइक नटांच्या आसपास कुठेतरी लपवलेले. आता विचार करा, ज्याची सगळी कमाई पळण्यात आणि उडी मारण्यात, त्याला सांगायचं की माइकच्या जवळच राहा, हलू नको. तलवारीवर पोट असलेल्या माणसाला तलवार म्यान करायला लावण्यातलाच प्रकार.

१४ मार्च १९३१ ला गिरगावच्या मॅजेस्टिकला सिनेमा लागला. पोलिसांना आवरेना एवढी गर्दी. चार आण्याचं तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना गेलं. सिनेमा तुफान चालला, पण नाव झालं आवाजाचं आणि गाण्यांचं. पुढच्याच वर्षी, १९३२ ला, प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला. त्यात राजा हरिश्चंद्र कोण? गोविंदराव टेंबे, मूळचे संगीतातले माणूस. हवा कुठल्या दिशेला फिरली ते यावरून कळावं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. 'बोलपट आले आणि बिचारा संपला' ही गोष्ट ऐकायला छान वाटते, पण ती तितकीशी खरी नाही. स्टंटपट काही मेले नाहीत. १९३५ ला नादियाची 'हंटरवाली' आलीच. विठ्ठलही घरी बसला नाही. तो पुढे बरीच वर्षं काम करत राहिला, काही सिनेमांचं दिग्दर्शनही केलं, मराठीत भालजी पेंढारकरांच्या 'नेताजी पालकर'मध्ये (१९३९) दिसला. फक्त पोस्टरवरचं नाव हळूहळू खाली सरकत गेलं. १९६९ साली तो वारला. शिखरावर होता ती वर्षं मोजली तर जेमतेम पाच-सहा.

मग विसरला का गेला? माझं मत असं की तो नापास झाला म्हणून नव्हे. तो ज्यात पास झाला होता त्या उत्तरपत्रिकाच कुणी जपून ठेवल्या नाहीत. भारतात सुमारे तेराशे मूकपट बनले, त्यातले आज तीसच्या आसपास उरलेत, आणि त्यातलेही कित्येक तुकड्या-तुकड्यांत. नायट्रेटची फिल्म जळते, सडते, आणि तिच्यातली चांदी काढायला लोक ती विकूनही टाकत. पुण्यात फिल्म अर्काइव्ह निघालं ते १९६४ ला, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्यातही संत-महात्म्यांच्या चित्रपटाचं एखादं रीळ कुणी भक्तिभावाने ठेवेल. मारामारीच्या सिनेमाचं रीळ कोण ठेवणार?

आणि 'आलम आरा'? त्याचीही एकही प्रत आज उपलब्ध नाही. उरलेत ते फोटो आणि जाहिराती.

माझे आजोबा आंबेगाव तालुक्यातले. त्यांना मी लहानपणी विचारायचो की यात्रेतल्या तंबूत कुठले सिनेमे बघायचात. नावं त्यांना कधीच आठवली नाहीत. "नाव कशाला पायजे रं?" म्हणायचे. "एक गडी व्हता, माडीवरनं घोड्यावर उडी टाकायचा." कोण गडी ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. विठ्ठलच असेल असं मी मुळीच म्हणत नाही, तसल्या उड्या मारणारे नंतरही पुष्कळ झाले. पण अशा नटाला प्रेक्षकाच्या डोक्यात एवढीच जागा मिळते: नाव पुसलं जातं, उडी राहते.

येताना नारायणगावहून मंचर, घोडेगाव करत डिंभ्यापर्यंत जाऊन आलो. तालुक्याला ज्याचं नाव दिलंय ते मूळ आंबेगाव धरणाच्या पाण्याखाली गेलेलं आहे. सात-बारावर, एसटीच्या पाट्यांवर, निवडणुकीत, सगळीकडे 'आंबेगाव' चालू आहे, आणि गाव मात्र घोड नदीच्या पाण्यात. आजोबांना त्या गावच्या गल्ल्या पाठ होत्या. मला फक्त नाव माहीत आहे.

'आलम आरा'चंही तसंच. नाव प्रत्येक सामान्यज्ञानाच्या पुस्तकात आहे, सिनेमा कुठेच नाही, आणि त्यातला हिरो तर नावापुरताही उरलेला नाही.

असो. मामांना संध्याकाळी फोन करून ही सगळी कथा सांगितली. सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे पहिला बोलपट, आणि हिरो झोपलेला?"

"हो मामा."

"मग बरोबर आहे. झोपलेल्याला कोण सुपारी देणार?" असं म्हणून हसले. मग जरा थांबून म्हणाले, "पण काय रं, आमच्या फडात आला असता तर चाललं असतं की. इथं भाषा आपलीच आहे."