अनुभव आपोआप बोलत नाही

दलित आत्मकथनांविषयी एक मत आपल्याकडे इतके रुळले आहे की ते केवळ एक मत आहे, याचाही विसर पडतो. ही पुस्तके म्हणजे जगण्याचा अस्सल दस्तऐवज; जे भोगले ते लेखकाने सांगितले, रचले काहीच नाही; म्हणून त्यांना वाङ्मयीन निकष लावू नयेत. हे बहुधा आदरापोटीच म्हटले जाते. तरीही ते चूक आहे, आणि ज्यांचा गौरव करायचा त्या लेखकांवरच अन्याय करणारे आहे.

‘बलुतं’ (१९७८) उघडून पाहा. मुखपृष्ठावर नाव दया पवारांचे. आत मात्र कहाणी सांगतो दगडू मारुती पवार, आणि ऐकणारा आहे दया पवार. माणूस एकच. दगडू महारवाड्यातला, मुंबईच्या कावाखान्यातला. दया पवार शिकलेला, नोकरीतला, कवी म्हणून ओळखला जाणारा. आत्मचरित्रात लेखक, निवेदक आणि नायक यांचे नाव एकच असते, असा करार फ्रेंच अभ्यासक फिलिप लजन यांनी १९७५ मध्ये मांडला. ‘बलुतं’ या कराराला सुरुवातीलाच तडा देते. हा तडा अनुभवाने पाडलेला नाही, लेखकाने पाडला आहे. दोघांना एकाच ‘मी’मध्ये मिसळले असते, तर गरीब मुलगा शिकून वर आला, अशी वाचकाला सुखावणारी गोष्ट तयार झाली असती. वेगळे ठेवल्यामुळे शिकलेल्या माणसाला आपल्याच भूतकाळाची वाटणारी लाज आणि त्याची ओढ, दोन्ही उघडी राहतात. इथे ओळख आधी तयार होती आणि मग ती सांगितली गेली, असे घडलेले नाही. ती या दोघांच्या बोलण्यातून उभी राहते, आणि शेवटपर्यंत पुरती जुळत नाही.

बेबी कांबळे यांनी नेमकी उलटी वाट धरली. ‘जिणं आमुचं’ (१९८६) मध्ये बोलतो तो ‘आम्ही’: वीरगावचा महारवाडा, तिथल्या सासुरवाशिणी, बाळंतिणी, भुकेली पोरे. स्वतःच्या संसारातल्या मारझोडीबद्दल त्या पुढे, अनुवादिका माया पंडित यांना दिलेल्या मुलाखतीत बोलल्या. पुस्तकात मात्र स्वतःचे दुःख मागे सारून त्यांनी समाजाला पुढे आणले. निव्वळ दस्तऐवजाला अशी निवड करता आली नसती.

यावर आक्षेप ठरलेला आहे: रचना म्हटली की खरेपणा उणावतो, आणि वेदनेच्या जागी शैलीची चर्चा सुरू होते. दुसऱ्या भागातली भीती रास्त आहे. तसे वाचणारे समीक्षक आपल्याकडे होऊन गेले. पण रचना म्हणजे बनाव नव्हे. काय आधी सांगायचे, काय गाळायचे, कोणाच्या तोंडून सांगायचे, हे ठरवल्याशिवाय कोणतीच खरी हकिकत सांगता येत नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या निवेदनशैलीवर आपण भरभरून बोलतो. त्याने ‘स्मृतिचित्रे’ खोटी ठरली असे कोणी म्हटले नाही. मग एकीकडे कला आणि दुसरीकडे नुसता अनुभव, ही वाटणी कशाच्या आधारे? शिवाय जातीने लादलेले ‘मी’ नाकारून दुसरे ‘मी’ किंवा ‘आम्ही’ उभे करणे हीच या पुस्तकांची राजकीय कृती आहे, आणि ती निवेदनातच घडते. निवेदन बाजूला ठेवले की ती दिसेनाशी होते.

मराठीच्या प्राध्यापकांना म्हणूनच विनंती आहे. ‘बलुतं’ शिकवताना ‘यातून कोणते समाजवास्तव दिसते?’ हा प्रश्न जरूर विचारा. पण त्याआधी विचारा, ‘हे कोण सांगतो आहे, आणि कोणाला?’