लांब विजारीतला शेवटचा विजेता

१/ विम्बल्डनच्या इतिहासात इव्हाँ पेत्रा हे नाव बहुधा तळटीपेपुरते येते: पूर्ण लांबीची विजार घालून पुरुष एकेरी जिंकणारा शेवटचा खेळाडू. १९४७ मध्ये जॅक क्रेमर अर्ध्या विजारीत जिंकला आणि ती परंपरा संपली. पण या तळटीपेमागे एक साम्राज्य आणि एक महायुद्ध उभे आहे. #धागा

२/ पेत्राचा जन्म १९१६ चा, फ्रेंच इंडोचायनातल्या चोलोनचा. हे गाव आज हो चि मिन्ह शहराचा भाग आहे. १९३८ मध्ये त्याने बेर्नार देस्त्रेमोच्या साथीने फ्रेंच दुहेरीच्या अंतिम सामन्यात डॉन बज आणि जीन मॅको यांना हरवले. त्याच वर्षी बजने एकेरीच्या चारही प्रमुख स्पर्धा जिंकल्या होत्या, यावरून या विजयाचे मोल कळावे.

३/ मग युद्ध आले. गुडघ्याला दुखापत, जर्मनांची कैद. सुटकेनंतर १९४३ ते १९४५ सलग तीन वर्षे त्याने फ्रान्सची युद्धकालीन स्पर्धा जिंकली. मात्र ही स्पर्धा विशी राजवटीच्या काळात सुरू झालेली. त्यामुळे अधिकृत विजेत्यांच्या यादीत ती तीन वर्षे धरली जात नाहीत.

४/ १९४६. सहा वर्षांच्या खंडानंतर विम्बल्डन पुन्हा भरले. १९४० च्या बॉम्बहल्ल्यात सेंटर कोर्टची सुमारे १,२०० आसने नष्ट झाली होती. पाचवे मानांकन असलेल्या पेत्राने अग्रमानांकित डिनी पेल्सला हरवले; उपांत्य फेरीत टॉम ब्राउनविरुद्ध पहिले दोन सेट गमावूनही तो जिंकला.

५/ अंतिम सामन्यात समोर ऑस्ट्रेलियाचा जेफ ब्राउन. पहिले दोन सेट पेत्राचे, पुढचे दोन ब्राउनचे. अखेर ६-२, ६-४, ७-९, ५-७, ६-४. त्यानंतर आजतागायत एकाही फ्रेंच पुरुषाला तेथील एकेरीचे विजेतेपद मिळालेले नाही.

६/ त्याच वर्षाच्या डिसेंबरात इंडोचायनात फ्रान्सविरुद्धचे युद्ध भडकले. ज्या भूमीत पेत्रा जन्मला, ती भूमी फ्रान्सपासून विलग होऊ लागली होती.

७/ नोंदवह्या त्याचे एक विजेतेपद मिरवतात आणि तीन वगळतात. वगळण्यामागचे कारण रास्त आहे. पण कैदेतून परतलेल्या माणसाने मैदानावर घालवलेली ती वर्षे त्यामुळे पुसली जात नाहीत. इतिहास वाचताना यादीतली रिकामी जागाही वाचावी लागते.