परंड्याचा हबशी आणि आमिस्ताद जहाज

वर्गात एका सावळ्या मुलाला पोरे ‘हबशी’ म्हणून चिडवतात. आम्ही रागावतो, पोरे गप्प बसतात; हा शब्द शिवी कधी झाला, ते मात्र आम्हीही सांगत नाही. आमच्याच धाराशिव जिल्ह्यातल्या परंड्याच्या किल्ल्यात, १६०० साली अहमदनगर मोगलांच्या हाती गेल्यावर, मलिक अंबर या हबशी सरदाराने दुसऱ्या मुर्तझा निजामशहाला तख्तावर बसवले. हा अंबर लहानपणी विकला गेलेला. दख्खनमधला त्याचा धनी चंगेझखान, तोही मूळचा हबशी गुलामच. धनी वारला आणि त्याच्या बेवेने अंबरला आझाद केले.

सगळ्यांच्या नशिबी अशी बेगम नसते. १८३९ साली सिएरा लिओनच्या किनाऱ्यावरून पळवलेले मेंदे लोक क्यूबात हवानाला विकले गेले. आफ्रिकेतून नवे गुलाम आणायला स्पेनच्याच कायद्याने बंदी होती. म्हणून कागदोपत्री त्यांना स्पॅनिश नावे देऊन जुने क्यूबावासी ठरवले. पुढे आमिस्ताद जहाजावर सेंग्बे पिए याने बंड केले, कप्तान मारला गेला. जहाज मायदेशी न्यायचे होते, पण खरीदारांनी रात्री गुपचूप दिशा बदलली आणि अमेरिकन आरमाराने सर्वांना पकडून कनेक्टिकटच्या तुरुंगात टाकले.

खुनाचा आरोप, आणि बाजू मांडायला भाषा नाही! आम्हा उर्दू माध्यमाच्या शिक्षकांना ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको. कचेरीत मराठी अर्ज लिहिताना अडखळणारे पालक आम्ही रोज पाहतो. येल विद्यापीठाचे प्राध्यापक गिब्ज यांनी कैद्यांकडून एक ते दहा आकडे शिकून घेतले आणि न्यूयॉर्कच्या गोदीत ते मोठ्याने म्हणत फिरले. जेम्स कोवी नावाच्या खलाशाने ते ओळखले. तोही लहानपणी गुलाम म्हणून पळवलेला. दुभाषा मिळाला, आणि स्पॅनिश नावांचे कागद खोटे पडले.

९ मार्च १८४१ रोजी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने त्यांना आझाद ठरवले. त्यांच्या बाजूने माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स उभे राहिले होते. त्रेपन्नांपैकी ३५ जण १८४२ च्या आरंभी मायदेशी पोचले. बाकीचे समुद्रावर नि कैदेत वारले होते.

पण कोर्टाने गुलामी चूक म्हटली नव्हती. हे लोक कायद्याने गुलाम झालेच नव्हते, एवढेच म्हटले होते. त्याच जहाजावरचा अंतोनिओ हा पोरगा कप्तानाचा गुलाम होता, आणि त्याचे कागद खरे ठरले. त्याला कप्तानाच्या वारसांकडे परत पाठवायचे होते. तो कॅनडात पळून गेला.