तंबाखूचा कायदा : पुरावा कुणाचा, इशारा कुणाला?

तंबाखूविरोधी धोरणाचा इतिहास आपल्याकडे सांगतात तो 1975 च्या सिगारेट कायद्यापासून. ही सुरुवातच मला मान्य नाही. मी घिवलीचा. आमच्या शेजारी तारापूरचे अणुवीजकेंद्र 1969 साली सुरू झाले. त्यामागे ज्या होमी भाभांचे नाव घेतात, त्यांनीच उभारलेल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. फली मेहता आणि त्यांचे सहकारी 1966 पासून एक निराळेच काम करीत होते. खेड्यापाड्यांतल्या माणसांची तोंडे उघडून पाहण्याचे. अणूची गोष्ट आमच्याकडे शाळकरी पोरही सांगेल. ही दुसरी गोष्ट मला शोधून काढावी लागली.

1972 साली या मंडळींनी महाराष्ट्रातील 1,01,761 ग्रामस्थांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ही माणसे पुणे जिल्ह्यातली. पुरुषांच्या तोंडात चुन्याबरोबर मळलेली तंबाखू, बायांच्या तोंडात मशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईतो भाजायची, पूड करायची आणि दात घासण्याच्या निमित्ताने हिरडीवर फिरवायची, दिवसातून कितीदा तरी. तिला व्यसन म्हणायला घरात कुणी तयार नसते. गालाच्या आत पांढरा चट्टा उमटतो, तो दुखत नाही, म्हणून दवाखान्याची पायरी कुणी चढत नाही. कर्करोगाची पूर्वखूण असू शकते ती हीच.

म्हणजे कुणाची तोंडे पाहायला हवीत, हे ठाऊक झाले होते. तरी तीन वर्षांनी कायदा झाला तो सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापण्यापुरता! बिडी वगळली, खायची तंबाखू वगळली. ज्यांच्या तोंडातून पुरावा काढला, त्यांनाच इशाऱ्याबाहेर ठेवले. रोजावर जाणाऱ्या बाईने सिगारेटचे पाकीट कधी हातात धरले होते? धरले असते तरी तिला वाचायला कुणी शिकवले होते?

संशोधक मात्र थांबले नाहीत. एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलम जिल्ह्यांत छत्तीस हजारांवर तंबाखू घेणाऱ्यांकडे ते दरवर्षी परत गेले. तोंड तपासले, समोर बसून समजावले, चित्रपट दाखवले. 1986 साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले : तंबाखू सोडणारे वाढले, नवे चट्टे कमी झाले. अडाणी माणसाला सांगून काय उपयोग, असे म्हणणाऱ्यांनी ते वाचावेत.

बिडी आणि खायची तंबाखू यांनाही कवेत घेणारा कायदा यायला 2003 उजाडले, चित्रांचे इशारे 2009 मध्ये आले. 2016-17 च्या पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांत धूर ओढणारे 3.8 टक्के, तर धुराविना तंबाखू घेणारे 24.4 टक्के निघाले. आता पाकिटावर मोठे चित्र असते. घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीवर ते कुठे छापणार?